आशियाचा प्रकाश जगापुढे ठेवणारा प्राध्यापक-कवी : सर एडविन आर्नोल्ड



तथागतांचे चरित्र आज आपल्या घराघरांत पोचले आहे. वैशाख पौर्णिमेला विहारात मुले सिद्धार्थाची गोष्ट सांगतात, भिंतीवर बाबासाहेबांच्या शेजारी बुद्धप्रतिमा असते. दीडशे वर्षांपूर्वी मात्र परिस्थिती अशी होती, की ज्या देशात बुद्ध जन्मले त्या देशातल्या सामान्य माणसाला बुद्ध हा विष्णूचा नववा अवतार एवढेच माहीत होते आणि युरोप-अमेरिकेतील सामान्य माणसाला तेवढेही माहीत नव्हते. अशा वेळी एका इंग्रज कवीने तथागतांची जीवनकथा इंग्रजी काव्यात गायिली आणि ती जगाच्या कानाकोपऱ्यात नेली. हा कवी पेशाने प्रथम शिक्षक होता आणि त्याचे अध्यापन झाले ते आपल्या महाराष्ट्रात, पुण्याच्या कॉलेजात. त्याचे नाव सर एडविन आर्नोल्ड.

नव्याने धम्मात आलेल्या कुटुंबांनी त्याचे चरित्र का वाचावे, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर लेखाच्या ओघात येईलच. या माणसाने धम्मासाठी काय केले हे जसे समजून घेतले पाहिजे, तसेच त्याला काय जमले नाही हेही समजून घेतले पाहिजे. आपण कृतज्ञ असावे, परंतु आंधळे भक्त असू नये, हीच बाबासाहेबांची शिकवण आहे.

जन्म आणि शिक्षण

एडविन आर्नोल्ड यांचा जन्म १० जून १८३२ रोजी इंग्लंडमधील केंट परगण्यात, टेम्स नदीकाठच्या ग्रेव्हसेंड या गावी झाला. वडील सुस्थितीतले होते व न्यायदंडाधिकारी म्हणून काम पाहत. मुलाचे शालेय शिक्षण रॉचेस्टर येथे झाले. पुढे लंडनच्या किंग्ज कॉलेजात आणि नंतर ऑक्सफर्डच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात तो शिकला. ऑक्सफर्डमध्ये उत्तम कवितेसाठी न्यूडिगेट नावाचे मानाचे पारितोषिक दिले जाते. ते त्याने १८५२ साली, म्हणजे वयाच्या विसाव्या वर्षी, मिळविले. पदवी घेतल्यावर बर्मिंगहॅमच्या किंग एडवर्ड शाळेत त्याने शिक्षकाची नोकरी धरली. कविता लिहिणारा शाळामास्तर म्हणून त्याचे आयुष्य तेथेच गेले असते. परंतु त्याच सुमारास हिंदुस्थानातील सरकारी कॉलेजांसाठी विद्वान इंग्रज शिक्षकांची गरज भासू लागली होती आणि पुण्याच्या कॉलेजाच्या प्राचार्यपदावर त्याची नेमणूक झाली.

पुण्याचे कॉलेज

ही गोष्ट १८५७ च्या सुमाराची. मुंबईहून पुण्याला जाणे तेव्हा सोपे नव्हते. आज आपण ज्याला नवी मुंबई म्हणतो तो सारा मुलूख खाडी, मिठागरे आणि भातखाचरे यांचा होता. जुन्या वाटेचे प्रवासी मुंबईहून मचव्याने पनवेल बंदराला उतरत आणि पुढे खोपोलीवरून बोरघाट चढत. १८५६ साली आगगाडी खोपोलीपर्यंत आली, तरी घाट चढायला पालखी, डोली नाही तर बैलगाडीच लागे. घाटातील लोहमार्ग पुरा व्हायला १८६३ साल उजाडले. मुंबई विद्यापीठाची स्थापनाही १८५७ च्या जुलै महिन्यातलीच. याच साली उत्तरेत शिपायांचा उठाव झाला आणि सारा देश हादरून गेला. अशा धामधुमीच्या काळात पंचविशीतला हा कवी पुण्यात विद्यार्थ्यांना शिकवीत होता. पुढे मुंबई विद्यापीठाचा फेलो म्हणूनही त्याची निवड झाली.

ज्या कॉलेजात तो आला त्याचा पूर्वेतिहास आपण जाणून घेतला पाहिजे. पेशवाई बुडाल्यावर, १८२१ साली, इंग्रज सरकारने पुण्याच्या विश्रामबाग वाड्यात एक संस्कृत पाठशाळा काढली. ब्राह्मणांना दक्षिणा वाटण्यासाठी पेशव्यांनी राखलेल्या निधीतून तिचा खर्च भागविला जाई. पेशवाई गेली, परंतु पेशव्यांचा दक्षिणेचा पैसा पेशव्यांच्याच वाड्यात, त्याच एका वर्णाच्या शिक्षणावर खर्च होत राहिला. १८५१ साली ही पाठशाळा इंग्रजी शाळेशी जोडून तिचे पूना कॉलेज करण्यात आले. याच कॉलेजला १८६४ साली डेक्कन कॉलेज हे नाव मिळाले व पुढे ते येरवड्याच्या इमारतीत गेले. पूना कॉलेज झाल्यावर नियमाने दार सर्व जातींना उघडे झाले, परंतु वर्गात बसणारी मुले बहुतेक सारी ब्राह्मणांचीच होती.

वाचकांनी येथे क्षणभर थांबून विचार करावा. ज्या पुण्यात आर्नोल्ड शिकवीत होते, त्याच पुण्यात महात्मा जोतीराव फुले आणि सावित्रीबाई यांनी १८४८ साली मुलींची शाळा काढली होती आणि पुढे महार-मांगांच्या मुलांसाठी शाळा चालविल्या होत्या. या कार्यासाठी १८५२ च्या नोव्हेंबरात सरकारने जोतीरावांचा जो जाहीर सत्कार केला, तो याच विश्रामबाग वाड्यात झाला. त्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या मांग समाजाच्या मुलीने आपल्या लोकांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ साली ज्ञानोदयात छापून आला होता. म्हणजे अस्पृश्यांची लेकरे शिकायला तयार होती आणि लिहूही लागली होती. तरी १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेने एका महार मुलाला प्रवेश नाकारला आणि मुंबई सरकारने त्या मुलाच्या बाजूने उभे राहण्याचे टाळले. बाबासाहेबांनी आपल्या लेखनात या प्रकरणाची मुद्दाम नोंद केली आहे. त्यानंतर वर्षभरातच आर्नोल्ड हिंदुस्थानात आले. त्यांच्या वर्गात शेक्सपिअर होता, मिल्टन होता, परंतु आपला बाप-आजा त्या वर्गाच्या उंबऱ्यापाशीही नव्हता. हा दोष एकट्या आर्नोल्ड यांचा नव्हे. तो त्या व्यवस्थेचा दोष होता आणि इंग्रज सरकारने ती व्यवस्था सोयीची म्हणून तशीच राहू दिली.

शिकविता शिकविता शिकणारा गुरुजी

आर्नोल्ड यांचा एक गुण मात्र घेण्यासारखा आहे. त्या काळचे बरेचसे इंग्रज अंमलदार, एतद्देशीयांजवळ शिकण्यासारखे काही नाहीच, अशा तोऱ्यात वावरत. आर्नोल्ड इंग्रजी शिकवायला आले आणि स्वतः विद्यार्थी होऊन बसले. त्यांनी पंडितांकडून संस्कृतचा अभ्यास केला, इतर पौर्वात्य भाषांतही गती मिळविली. हितोपदेशाचे त्यांनी केलेले इंग्रजी रूपांतर १८६१ साली प्रसिद्ध झाले. हिंदुस्थानातील शिक्षणाविषयी, आपल्या जागी येणाऱ्या प्राचार्याला उद्देशून लिहिलेल्या पत्राच्या रूपात, त्यांनी १८६० साली एक पुस्तिकाही काढली. पुढे लॉर्ड डलहौसीच्या कारभारावर दोन खंड लिहिले.

पुण्यातले त्यांचे वास्तव्य तीन-चार वर्षांचेच. परंतु पुढील सारे आयुष्य त्यांनी या शिदोरीवर काढले असे म्हटले तरी चालेल. हिंदुस्थानातील मातीचा रंग, पावसाळा, झाडे, पक्षी, बाजार, सणवार हे सारे त्यांनी डोळ्यांत साठवून नेले. वीस वर्षांनी जेव्हा त्यांनी कपिलवस्तू आणि राजगृह यांची वर्णने केली, तेव्हा ती पुस्तकातून उचलल्यासारखी वाटली नाहीत, याचे कारण या वास्तव्यात आहे.

वर्तमानपत्राची नोकरी आणि काव्याचा जन्म

१८६१ साली आर्नोल्ड लंडनच्या डेली टेलिग्राफ या वर्तमानपत्रात अग्रलेखक म्हणून रुजू झाले. पुढे ते त्याचे प्रमुख संपादक झाले आणि जवळजवळ चाळीस वर्षे त्या पत्राशी बांधलेले राहिले. जॉर्ज स्मिथ या विद्वानाला १८७३ साली असीरियात प्राचीन विटांवरील लेख शोधण्यासाठी आणि स्टॅन्ले या प्रवाशाला १८७४ साली आफ्रिकेत काँगो नदीच्या शोधासाठी पाठविण्यात या पत्राचा पुढाकार होता आणि त्यामागे आर्नोल्ड यांची खटपट होती. १८६४ साली त्यांची पहिली पत्नी वारली. दुसरी पत्नी अमेरिकेतील चॅनिंग या उदारमतवादी धर्मोपदेशकाची कन्या होती.

वर्तमानपत्राचे काम म्हणजे रोजची घाई. तरीही या घाईतून उरलेल्या तुटपुंज्या वेळात आर्नोल्ड यांनी एक मोठे काव्य रचले आणि १८७९ साली ते प्रसिद्ध झाले. त्याचे नाव 'द लाइट ऑफ एशिया', म्हणजे आशियाचा प्रकाश. आठ सर्गांचे हे काव्य एका बौद्ध उपासकाच्या तोंडी घातले आहे. सिद्धार्थाच्या जन्मापासून गृहत्याग, तपश्चर्या, संबोधी आणि धम्मोपदेश येथवरची कथा त्यात आहे. त्या वेळी पाली त्रिपिटकाचा फार थोडा भाग इंग्रजीत आला होता. पाली ग्रंथ छापणारी पाली टेक्स्ट सोसायटी स्थापन झाली १८८१ साली, म्हणजे या काव्यानंतर. म्हणून आर्नोल्ड यांना ललितविस्तराच्या वळणाच्या बुद्धकथा आणि सिलोन-चीनमधील ग्रंथांची तोवर झालेली इंग्रजी रूपांतरे यांवरच भिस्त ठेवावी लागली. या गोष्टीचे महत्त्व पुढे दिसेल.

काव्य प्रसिद्ध झाले आणि पाहता पाहता त्याच्या प्रतींचा तुटवडा पडला. अमेरिकेत सासऱ्याच्या बोस्टनमधील स्नेह्यांनी ते उचलून धरले. इंग्लंडमध्ये साठ आणि अमेरिकेत ऐंशी आवृत्त्या निघाल्याचे सांगितले जाते. अनेक भाषांत त्याची भाषांतरे झाली. सयामच्या राजाने कवीचा सन्मान केला. आपल्याकडे हिंदीत रामचंद्र शुक्ल यांनी, तमिळमध्ये कविमणी देशिकविनायकम् पिळ्ळै यांनी त्याची रूपांतरे केली. मराठी बुद्धचरित्रलेखनावरही त्याची छाया पडली. लंडनमध्ये बॅरिस्टरीचा अभ्यास करणाऱ्या तरुण गांधींनीही हे काव्य तेथेच वाचले. १९२५ साली हिमांशु राय आणि जर्मन दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टेन यांनी त्यावर मूकपटही काढला.

या यशाने सनातनी ख्रिस्ती मंडळी चवताळली. एका आशियाई माणसाला प्रकाश म्हणतो म्हणजे काय, येशूच्या बरोबरीने बसवितो म्हणजे काय, असा ओरडा झाला. आर्नोल्ड मूर्तिपूजकांची बाजू घेतात, असे आरोप करणारी आख्खी पुस्तके अमेरिकेत निघाली. स्वधर्मीयांची अशी टीका अंगावर घेऊन हा माणूस बुद्धाची थोरवी सांगत राहिला, हे आपण विसरता कामा नये.

बुद्धगयेची दुर्दशा

१८८५-८६ साली आर्नोल्ड पुन्हा हिंदुस्थानात आले. पुण्यात जुन्या विद्यार्थ्यांनी त्यांचे स्वागत केले. मग ते उत्तरेत सारनाथला आणि बुद्धगयेला गेले. येथेच त्यांच्या आयुष्यातले सर्वांत मोठे काम सुरू झाले. कवितेइतकेच, किंबहुना कवितेहूनही, ते आपल्या दृष्टीने महत्त्वाचे आहे.

ज्या स्थळी तथागतांना सम्यक संबोधी प्राप्त झाली, ते महाविहार तेव्हा एका शैव महंताच्या ताब्यात होते. सरकारने थोड्याच वर्षांपूर्वी त्याची डागडुजी केली होती, परंतु पूजाअर्चा, मालकी, उत्पन्न सारे महंताचे. बुद्धमूर्तींना हिंदू देवतांची रूपे दिली जात होती आणि कोरीव शिळा इतस्ततः पडल्या होत्या. आर्नोल्ड यांनी तेथल्या पुजाऱ्याला बोधिवृक्षाची दोन-चार पाने नेऊ का, असे भीत भीत विचारले. हवी तितकी न्या, आम्हांला त्या झाडाचे काय, अशा अर्थाचे उत्तर त्याने बेफिकिरीने दिले. आर्नोल्ड यांना ते उत्तर जिव्हारी लागले. ती पाने घेऊन ते सिलोनला, म्हणजे आजच्या श्रीलंकेला, गेले. तेथे भिक्खूंनी आणि उपासकांनी तीच पाने कमालीच्या भक्तिभावाने स्वीकारली. एकाच झाडाचे एक पान गयेच्या पुजाऱ्याला कवडीमोल होते आणि सिलोनच्या उपासकाला जिवापलीकडे मोलाचे होते.

सिलोनमधील पाणदुरा येथे वेलिगम श्री सुमंगल या भिक्खूंशी बोलताना, हे स्थान बौद्धांच्या हाती आले पाहिजे, असा विचार पक्का झाला. मग आर्नोल्ड स्वस्थ बसले नाहीत. त्यांनी सिलोन, हिंदुस्थान आणि लंडन येथील वरिष्ठ अधिकाऱ्यांकडे हा प्रश्न नेला, आपल्या वर्तमानपत्रातून लेख लिहिले आणि साऱ्या जगाच्या कानांवर ही गोष्ट घातली. सरकारने गोड शब्दांत होकार-नकार दोन्ही टाळले. महंताला दुखवायची त्याची तयारी नव्हती.

पेटलेली ज्योत

परंतु पेरलेले वाया जात नाही. आर्नोल्ड यांचे लेख सिलोनच्या एका तरुणाने वाचले. त्याचे नाव अनागारिक धम्मपाल. १८९१ च्या जानेवारीत तो सारनाथ व बुद्धगया येथे आला आणि ती दुर्दशा पाहून त्याने आपले आयुष्यच या कामाला वाहिले. त्याच वर्षी ३१ मे रोजी कोलंबोत महाबोधी सभा स्थापन झाली. १८९३ साली शिकागोच्या सर्वधर्म परिषदेला जाताना धम्मपाल लंडनला उतरले, तेव्हा आर्नोल्ड त्यांना भारतमंत्री लॉर्ड किंबर्ली यांच्या भेटीला घेऊन गेले. १८९५ साली जपानहून आलेली बुद्धमूर्ती धम्मपालांनी महाविहारात बसविली, ती महंताच्या माणसांनी काढून टाकली आणि प्रकरण कोर्टात गेले. खालच्या कोर्टात दोषी ठरलेले महंताचे लोक वरच्या कोर्टात सुटले.

आता ही साखळी कोठवर जाते ते पाहा. बाबासाहेबांनी बुद्ध आणि त्याच्या धर्माचे भवितव्य या विषयावर १९५० साली जो प्रसिद्ध लेख लिहिला, तो महाबोधी सभेच्याच मासिकात छापून आला. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली, तेव्हा महाबोधी सभेचे चिटणीस देवप्रिय वलिसिंह त्या सोहळ्याला जातीने हजर होते. याचा अर्थ आर्नोल्ड यांच्यामुळे धम्मक्रांती झाली असा कोणी करू नये. बाबासाहेबांना बुद्धाची ओळख झाली ती मॅट्रिकच्या परीक्षेनंतर दादा केळुसकर गुरुजींनी भेट दिलेल्या मराठी बुद्धचरित्रातून आणि पुढे त्यांच्या स्वतःच्या अफाट व्यासंगातून. परंतु धम्माच्या पुनरुज्जीवनाचे जे अनेक झरे नागपूरच्या दीक्षाभूमीवर येऊन मिळाले, त्यांपैकी एकाचा उगम या कवीच्या लेखणीत आहे, हे मान्य केले पाहिजे.

बुद्धगयेचा प्रश्न अजूनही पुरता सुटलेला नाही. १९४९ च्या कायद्याने महाविहाराचा कारभार एका समितीकडे गेला. तिच्यात चार बौद्ध व चार हिंदू सभासद आणि जिल्हाधिकारी अध्यक्ष अशी रचना आहे. अध्यक्ष हिंदूच हवा ही अट २०१३ साली निघाली, परंतु बौद्धांचे बहुमत त्या समितीत कायद्याने आलेले नाही. १९९२ साली नागपूरचे भदंत सुरेई ससाई यांच्या नेतृत्वाखाली आणि पुन्हा २०२५ साली भिक्खूंच्या उपोषणाने जी आंदोलने झाली, ती याच मागणीसाठी. जो प्रश्न आर्नोल्ड यांनी १८८६ साली विचारला, तोच आजही विचारावा लागतो.

उत्तरायुष्य

आर्नोल्ड यांना १८८८ साली सर हा किताब मिळाला. १८८९ साली दुसरी पत्नी वारल्यावर ते जपानला गेले, तेथील बौद्ध संस्कृतीत रमले आणि जपानवर त्यांनी पुस्तके लिहिली. १८९७ साली त्यांनी सेन्दाई येथील तामा कुरोकावा या जपानी स्त्रीशी विवाह केला. गोरेपणाच्या अहंकाराने भारलेल्या त्या काळात एका नामांकित इंग्रजाने असा विवाह करणे ही लहान गोष्ट नव्हती. टेनिसननंतर इंग्लंडच्या राजकवीचे पद त्यांना मिळेल असे अनेकांना वाटत होते, परंतु १८९६ साली ते दुसऱ्यालाच दिले गेले.

अखेरच्या वर्षांत त्यांची दृष्टी गेली. ज्याचे सारे आयुष्य वाचण्या-लिहिण्यात गेले, त्याच्यावर अंधत्व येणे हे केवढे दुःख! तरीही त्यांनी काम सोडले नाही. २४ मार्च १९०४ रोजी लंडन येथे ते कालकथित झाले. त्यांच्या अस्थी ऑक्सफर्डच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या प्रार्थनामंदिरात ठेवण्यात आल्या.

आपण त्यांना कसे वाचावे?

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. आर्नोल्ड यांचा बुद्ध आणि बाबासाहेबांनी आपल्याला दिलेला बुद्ध हे एकच आहेत काय? प्रामाणिकपणे उत्तर द्यायचे तर, पुष्कळसे नाहीत.

आर्नोल्ड यांच्या काव्यात राजपुत्राला म्हातारा, आजारी आणि मृत माणूस दिसतो, मग संन्यासी दिसतो आणि तो मध्यरात्री घर सोडतो. ही कथा परंपरेने चालत आलेली आहे. बाबासाहेबांनी १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात या कथेला प्रश्न विचारला. एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोवर म्हातारा किंवा प्रेत पाहिलेच नव्हते, हे बुद्धीला पटत नाही. बाबासाहेबांच्या ग्रंथात रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय यांच्यात तंटा होतो, सिद्धार्थ युद्धाला विरोध करतो, संघाचे बहुमत त्याच्या विरुद्ध जाते आणि तो परिव्रज्या पत्करतो. आर्नोल्ड यांचा सिद्धार्थ जगाच्या दुःखाने व्याकुळ होऊन घराबाहेर पडतो. बाबासाहेबांचा सिद्धार्थ माणसामाणसांतल्या पाण्याच्या भांडणातून बाहेर पडतो. चवदार तळ्याचे पाणी ज्यांना नाकारले गेले, त्यांना यातला फरक समजावून सांगण्याची गरज नाही.

दुसरी गोष्ट निर्वाणाची. आर्नोल्ड यांच्या काव्याच्या शेवटी निर्वाणाचे जे चित्र येते, ते थेंब सागरात मिळावा तसे आहे. त्याला वेदान्ताचा वास येतो. बाबासाहेबांनी निर्वाणाचा अर्थ राग, द्वेष, मोह यांवर ताबा मिळवून जगलेले सदाचारी जीवन असा लावला. म्हणजे निर्वाण मेल्यानंतर मिळायचे नसून या जगात, माणसांत राहून मिळवायचे आहे.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. आर्नोल्ड यांनी बुद्धावर काव्य लिहिले, १८८५ साली भगवद्गीतेचे पद्य भाषांतर केले, अल्लाच्या नावांवर कविता रचल्या आणि १८९१ साली येशूवर काव्य लिहिले. सर्व धर्मांतले सौंदर्य टिपणारा हा कवी होता. त्यांनी धर्मांतर केले नाही. त्यांच्याच काळातले कर्नल ऑल्कॉट हे अमेरिकन गृहस्थ १८८० साली सिलोनमध्ये गेले आणि गॉल येथे त्यांनी जाहीरपणे त्रिसरण-पंचशील घेतले. आर्नोल्ड त्या उंबरठ्यापर्यंत आले आणि तेथेच थांबले. धम्म त्यांना सुंदर वाटला, परंतु त्यांना धम्माची गरज नव्हती. साहेबाला जातीचे चटके बसलेले नसतात. आपल्याला धम्म नुसता सुंदर म्हणून घ्यायचा नव्हता. माणूस म्हणून उभे राहण्यासाठी तो घ्यावाच लागला. म्हणूनच बाबीस प्रतिज्ञांची आवश्यकता होती. घरात बुद्धमूर्ती आणि कोनाड्यात जुने देव, असे दोन्ही डगरींवर हात ठेवणे कवीला शोभून जाते, धम्मदीक्षा घेतलेल्या कुटुंबाला शोभत नाही.

आणि हेही खरे, की आर्नोल्ड साम्राज्याचे अभिमानी होते. १८७७ साली व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी झाली, त्या निमित्ताने त्यांनाही सरकारी किताब मिळाला. हिंदुस्थानातील संस्कृतीवर त्यांनी प्रेम केले, परंतु त्या संस्कृतीच्या पायाखाली चिरडलेल्या माणसांचा आवाज त्यांच्या लेखणीतून क्वचितच उमटला. पुण्यात असताना त्यांनी जोतीरावांच्या शाळेत बसून चार दिवस काढले असते, तर त्यांच्या काव्यातला बुद्ध कदाचित निराळा झाला असता.

आपल्यासाठी बोध

तरीही या चरित्रातून घेण्यासारखे पुष्कळ आहे. पहिली गोष्ट म्हणजे शिक्षकाने विद्यार्थी राहावे. पंचविशीत दूरदेशी येऊन परकी भाषा शिकणारा प्राचार्य आपल्या मुलांना दाखवावा. आज नवी मुंबईत आपल्या कितीतरी मुली-मुले कॉलेजात इंग्रजी शिकतात, काही शिकवितातही. ज्या इंग्रजीच्या वर्गात आपल्या पूर्वजांना जागा नव्हती, तेथे आज आपण आहोत. ही जागा जोतीरावांनी आणि बाबासाहेबांनी मिळवून दिली आहे, तिची किंमत ठेवावी. इंग्रजी येते म्हणून मिरवू नये. त्या भाषेत धम्मावर जे लिहिले गेले आहे ते वाचावे आणि वस्तीतल्या आयाबायांना मराठीत समजावून सांगावे.

दुसरी गोष्ट, सवड नाही ही सबब सांगू नये. दिवसभर वर्तमानपत्राची हमाली करून उरलेल्या वेळात आर्नोल्ड यांनी हे काव्य लिहिले. आपल्या घरात कारखान्याच्या पाळ्या आहेत, लोकलची धावपळ आहे हे खरे. तरी आठवड्यातून एक संध्याकाळ कुटुंबाने एकत्र बसून 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथाची चार पाने वाचणे अशक्य नाही. ज्यांना शक्य आहे त्यांनी ऐरोलीच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्मारकातील ग्रंथालयात मुलांना न्यावे आणि पुस्तके हाताळू द्यावीत.

तिसरी गोष्ट, अन्याय दिसला तर लिहावे, बोलावे, पाठपुरावा करावा. बुद्धगयेच्या पुजाऱ्याचे उत्तर ऐकून आर्नोल्ड हळहळून घरी गेले असते, तर कोणी त्यांना दोष दिला नसता. त्यांनी लेखणी उचलली आणि पुढच्या पिढीतून धम्मपाल उभा राहिला. आपले काम पुरे झालेले पाहायला आपण असूच असे नाही. काम मात्र सुरू करून ठेवावे लागते.

ज्यांना इंग्रजी येते त्यांनी 'लाइट ऑफ एशिया' अवश्य वाचावे. त्यातल्या करुणेने डोळे ओले होतील. ते मिटून शेजारी बाबासाहेबांचा ग्रंथ उघडावा आणि जे बुद्धीला व अनुभवाला पटेल तेच घ्यावे. स्वतः तथागतांनी आपल्या शिष्यांना याहून निराळे काही सांगितलेले नाही.

जय भीम! नमो बुद्धाय!